चाकावरचा हात

डबा खाऊन झाल्यावर संघमित्राने ताट धुतलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि टेबलावरून चंदरच्या पुढे धरलं. म्हणाली, काका, हे तुमच्या जहाजाचं चाक समजा. चक्कर कशी आली आणि हात कसा घसरला ते जरा करून दाखवा, सोमवारी विचारलं तर तोंड आणि हात एकच सांगायला हवेत. चंदरला हसू आलं. साठी उलटलेला माणूस, बोरिवलीत चष्म्याच्या दुकानावरच्या एवढ्याशा खोलीत, वकील पोरीचं जेवणाचं ताट धरून जहाज हाकणार. बायकोने, सगुणाने हे बघितलं असतं तर मासळी विकता विकता आठवडाभर तिला पुरलं असतं. पण सुनावणी सोमवारवर आली होती, आणि एरवी कागदांवरच काम उरकणाऱ्या सैन्यदलाच्या न्यायाधिकरणाने या खेपेला अर्जदाराला समक्ष बोलावलं होतं. त्याने ताट दोन्ही हातांत घेतलं, पाय थोडे फाकले, डोळे मिटले आणि केलं. डोळे उघडले तेव्हा संघमित्रा त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होती. तिने पुन्हा करायला लावलं. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि कसलाही आरोप न करता, गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाली, "काका, घसरलेला हात परत येत नाही."

त्याला आधी कळलंच नाही. तिने समजावून सांगितलं. तुम्ही ताट उजवीकडे फिरवलंत, नीट घट्ट धरून. मग क्षणभर तसंच ठेवलंत. आणि मग मोजून मापून परत मध्ये आणलंत. दोन्ही वेळा अगदी सारखं. चक्कर आलेला माणूस चाकावर पडतो नाहीतर चाक सोडतो, तो चाक परत जागेवर आणत नाही. चंदरने ताटाकडे बघितलं. त्याच्या कडेला त्याची बोटं अजून तशीच आवळलेली होती, अंगठे आत, कोपरं अंगाशी. इतक्या वर्षांत त्याने किती जणांना ही चक्कर सांगितली होती, चौकशीतल्या अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, सगुणाला लग्नाआधी आणि लग्नानंतरही, पोराला, शेजाऱ्यांना. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की त्याला स्वतःलाच कधीकधी कपाळाशी घाम आल्यासारखं वाटायचं. आणि हा हात मात्र एवढा वेळ गप्प बसून आपलं वेगळंच काहीतरी जपत होता. त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. त्याला त्या हाताचं नवल वाटलं. घरातला एखादा मुका वाटणारा माणूस अचानक एक वाक्य बोलावा आणि ते बरोबर निघावं, तसं काहीतरी झालं होतं.

संघमित्रा भली पोरगी होती. तिचे आजोबा सोलापूरकडून येऊन गिरणीत लागलेले, वडील बेस्टमध्ये, ती वकील. बोलायला तुटक, पण हातातलं काम सोडायची नाही. इतक्या उशिरा आलेला अर्ज दाखल करून घेण्यासाठी तिने एवढी खटपट केली होती की चंदरलाच लाज वाटायची. ती म्हणाली, खोटं मी मांडणार नाही. पण खरं काय असेल त्याचीही तयारी ठेवा. तुम्ही हुकूम नसताना मुद्दाम चाक फिरवलं असेल तर तो चक्कर येण्याहून मोठा गुन्हा. तो कागद बदलायचा सोडून आहे त्याच्यावर ते आणखी शिक्का मारतील. हां, फिरवायला कारण असेल, आणि ते बघणारं कोणी असेल, तर मग केस एकदम वेगळी. असं कोणी आहे का? चंदर म्हणाला, उद्या सांगतो. तो जिना उतरला, रस्ता ओलांडला, रिक्षात बसला, आणि जेट्टी असं सांगितल्यावर त्याच्या लक्षात आलं की ताट आपल्या काखेत आहे.

कागद बदलायचा, म्हणजे त्यातला एक शब्द बदलायचा. नौदलातून कमी करताना जो दाखला मिळतो त्यात वर्तणुकीपुढे एक शब्द असतो. बरोबरच्या पोरांना कोणाला उत्तम, कोणाला फार चांगली असं मिळालं. चंदरच्या दाखल्यावर इंग्रजीत जे होतं त्याचा अर्थ बेताची असा होत होता, आणि खाली, यापुढे सेवेची गरज नाही. तो शब्द त्याने पत्र्याच्या पेटीत टाकला आणि पवईच्या एका कंपनीची बस चालवायला लागला. चांगली चालवली. एवढ्या वर्षांत कोणाला धक्का लागला नाही. पेटी उघडायची वेळच आली नसती. पण दोन वर्षांपूर्वी बरोबरीचा एक दोस्त चेंबूरला वारला. नौदलात दोघांचे बंक खालीवर होते. स्मशानात माजी सैनिक ओळीने उभे राहिले, छातीवर पदकं, टोप्या तिरक्या. चंदरही जाऊन ओळीच्या टोकाला उभा राहिला. तेव्हा संघटनेच्या एका माणसाने, अगदी हळू, खांद्याला हात लावून त्याला मागे उभं राहायला सांगितलं. तुमचं नाव आपल्यात येत नाही ना, म्हणून. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोळ्यांतही संकोच होता. चंदर मागे सरकला. सलामी झाली तेव्हा त्याचा हात कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. घरी येऊन तो सगुणाला म्हणाला की मी मेलो तरी चालेल पण त्या ओळीत एकदा उभं राहायचंय. सगुणा म्हणाली, मेल्यावर कसे उभे राहणार. मग तिनेच पेटी उघडून दाखला काढून दिला.

खाडीच्या पलीकडे जाणारी फेरी भरायला वेळ होता. चंदर लाकडी फळीवर बसला आणि ताट मांडीवर ठेवलं. समोर बसलेल्या बाईने ताटाकडे आणि त्याच्याकडे एकदा बघून घेतलं. आपण गावी, गोराईला, का चाललो आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते तो मनाशी धड शब्दांत आणत नव्हता. त्याऐवजी तो हाताकडे बघत होता. तोंडाने कधी न सांगितलेलं हाताने दाखवलंच होतं, तर मग सगळं बघून घ्यावं असं त्याला वाटलं. श्रावण तोंडावर आलेला होता तेव्हा, आत्ताच्यासारखाच. दोन लहान गस्ती जहाजं शेजारी शेजारी उत्तरेकडून मुंबईला परत येत होती. पहाट उजाडून गेलेली, पण पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं. चाकावर चंदर. चाकावरच्या माणसाने स्वतः होऊन काही करायचं नसतं. अधिकारी अंश सांगतो, तो ते मोठ्याने परत म्हणतो आणि तेवढंच फिरवतो. त्याचे डोळे होकायंत्रावर असावेत, समुद्रावर नाही. तरुण लेफ्टनंट उजवीकडच्या जहाजाशी अंतर राखण्यात गुंतलेला. आणि चंदरचे डोळे, शिकवलेलं सगळं विसरून, समोरच्या काचेबाहेर गेले. दोन लाटांच्या मध्ये एक होडी होती. होडीच्या पुढे पाण्यावर बुचांची ओळ, म्हणजे जाळं पसरलेलं. त्या ओळीच्या टोकाला बांबू आणि बांबूवर बावटा. हिरवा, काठाला लाल पट्टी. आईच्या जुन्या लुगड्याचा. त्यांच्या घरच्या जाळ्यांना कायम त्याच लुगड्याचा बावटा असायचा, दुसऱ्या कोणाच्या घरचा तसला नव्हता.

हात फिरला. जहाजाचं नाक उजवीकडे वळलं, होडी आणि जाळं डाव्या अंगाने, हाताच्या अंतरावरून म्हणावं इतक्या जवळून मागे गेलं, आणि तेवढ्यात त्याने बघितलं की होडीत उभा असलेला माणूस डावा खांदा पाडून उभा आहे. असा उभा राहणारा त्याने जगात एकच पाहिला होता, थोरला भाऊ हरेश्वर. मग हात परत आला. पण तोपर्यंत शेजारच्या जहाजाला घासून झालं होतं. कठडा वाकला, लोखंडाचा असा आवाज झाला की झोपलेले लोक वर धावत आले. कोणाला खरचटलंही नाही. लेफ्टनंटने ओरडून विचारलं, काय केलंस. चंदरने मागे बघितलं तर करड्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं. तो म्हणाला, सर, चक्कर आली. डॉक्टरांना चक्करेचं कारण सापडलं नाही. कारण सापडलं नाही म्हणजे पोरगा खोटं बोलतोय, कामात ढिला आहे, असं धरून चौकशी संपली. ते एका अर्थी बरोबरच होतं, तो खोटं बोलतच होता. कारण नारळी पौर्णिमा अजून झाली नव्हती. दर्याला नारळ दिल्याशिवाय गोराईची एकही होडी पाण्यात उतरत नाही. मासळी त्या दिवसांत पोटुशी असते, आणि दर्याही उधाणलेला असतो, पण मुख्य म्हणजे तसं करत नाहीत. जो करील त्याच्या घरचं पाणी जमात पीत नाही. चोरून गेलेल्या हरेश्वरचं नाव नौदलाच्या चौकशीत घेतलं असतं तर ते गावात पोचायला किती वेळ लागला असता.

इथपर्यंत त्याला नेहमीच सगळं स्पष्ट होतं. आपण भावासाठी चाक फिरवलं, भावासाठी तोंड मिटलं. या गोष्टीत एक ऊब होती आणि ती त्याला कित्येक वर्षं पुरली होती. बस चालवताना, पवईच्या तलावाशी सिग्नलला थांबलेलं असताना ती मनात यायची. पण आज ताट बघता बघता एक प्रश्न माशीसारखा येऊन बसला आणि हाकलला तरी उठेना. बावटा आपल्या घरचा नसता तर? दुसऱ्या कोणाचा, वेसाव्याच्या नाहीतर मढच्या कोणा अनोळख्याचा असता, तर हा हात फिरला असता का? नसता फिरला तर तो नौदलाचा चांगला शिपाई, हुकूम पाळणारा, पण मग कोळी कसला. फिरला असता तर... ते कसं कळणार. हाताला विचारता येत नाही. तोंड का उघडलं नाही हेही त्याला सांगता आलं नसतं. सर, पुढे होडी, एवढं म्हणायला काय लागलं असतं. हात आधी गेला आणि तोंड मागे राहिलं. आपल्याच आत असं कोणीतरी बसलेलं असतं आणि ते आपल्याला न विचारता मोठमोठे निर्णय घेऊन मोकळं होतं, याची त्याला गंमत वाटली आणि जरा धास्तीही. फेरी पलीकडच्या धक्क्याला लागली. तो ताट सांभाळत उतरला.

गोराईत होड्या वर ओढलेल्या होत्या, निळ्या ताडपत्र्या बांधून. मासेमारीच्या बंदीचे दिवस चालू होते. वाळूवर मासळी नव्हती म्हणून कुत्री रोडावलेली, माणसं मात्र निवांत दिसत होती. ज्यांना वर्षभर फुरसत नसते ते ओट्यांवर पत्ते खेळत होते. हरेश्वर घराच्या पुढच्या पडवीत जाळं मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं वय सत्तरीच्या पुढे, पण डोळ्यांना चष्मा न लावता जाळ्याची फाटकी घरं विणत होता. आता तो जमातीतला जाणता. नारळी पौर्णिमेआधी कोणी होडी लोटली असं नुसतं कानावर आलं तरी सगळे हरेश्वरकडे बघायचे, आणि तो काय बोलेल त्यावर ठरायचं. मागल्या साली विकी नावाच्या एका पोराने इंजिनाची होडी काढली तेव्हा हरेश्वरने त्याला देवळापुढे बसवून सगळ्या गावादेखत माफी मागायला लावली होती. चंदर त्या वेळी तिथे होता. भावाचा आवाज ऐकत होता आणि त्याच्या पडलेल्या डाव्या खांद्याकडे बघत होता. या माणसाला कधी स्वतःचं आठवत असेल का, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नव्हतं. सणाला येणं, शेजारी बसून जेवणं, निघताना सुके बोंबील बांधून घेणं, असं चाललं होतं.

"ताट घेऊन आलास? जेवाला आलास का भांडी विकाला?" हरेश्वर वर न बघता म्हणाला.

चंदर पायरीवर बसला. संघमित्राचं, सोमवारचं, हाताचं, सगळं सांगायचं असं मनात जुळवून आला होता, पण तोंड पुन्हा मागे राहिलं. तो एवढंच म्हणाला की वकीलबाईने हे चाक समजून फिरवायला लावलं. मग हरेश्वरने जाळं बाजूला केलं. फिरव बघू, म्हणाला. चंदर उभा राहिला, पाय फाकले, ताट धरलं. उजवीकडे, मग थोडं थांबून परत. हरेश्वर खाली बसलेला होता, त्याने मान वर करून बघितलं, होडीतून मोठ्या जहाजाच्या नाकाकडे बघावं तसं.  मग म्हणाला, "येवढा नाय. जास्ती फिरवलास तू. मी खाली व्हतो, मना ठावं."

चंदरच्या हातातलं ताट निसटलं आणि फरशीवर गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत दोघेही त्याकडे बघत बसले. मग चंदरने विचारलं, म्हणजे तुला माहीत होतं तर, इतकी वर्षं? हरेश्वर म्हणाला, छे. लोखंडाच्या जहाजात कोण बसलंय ते खालून काय दिसणार. तू घरी आलास तो चक्कर घेऊन आलास. कुठं आली, कधी आली, मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आत्ता ताट फिरवलंस तेव्हा कळलं. त्याचे हात मांडीवर निवांत पडले होते, पण एक बोट आपोआप हलत होतं, जाळ्याची गाठ मारल्यासारखं. चंदरला बोलायचं होतं ते सगळं आता एकदम वर आलं. मी तुला ओळखलं, तो म्हणाला. बावटा बघितला, आयेच्या लुगड्याचा, हिरवा, लाल काठाचा, आणि हात फिरला. तेव्हा हरेश्वरने त्याच्याकडे, लहानपणी त्याने वल्हं उलटं धरलं की बघायचा, तसं बघितलं.

"बावटा? चोरून गेल्याला मानूस बावटा लावंल का रं? लांबून दिसंल म्हनून तर बावटा. मी काय लावलाच नव्हता."

चंदरने डोळे मिटले. त्याला आपल्या डोळ्यांसमोर तो बावटा अजून दिसत होता, ओला होऊन बांबूला चिकटलेला. पण हरेश्वर म्हणत होता ते खरं होतं, आणि ते इतकं साधं होतं की एवढ्या वर्षांत ते आपल्याला सुचलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं. चोरून मासेमारी करणारा निशाण फडकवत बसत नाही. मग बावटा कुठून आला? बहुतेक नंतर आला. आधी बुचांची ओळ दिसली, कोणाची ते माहीत नव्हतं, आणि हात फिरला. मग होडी बाजूने जाताना पडलेला खांदा दिसला. आणि मग पुढे कधीतरी, रात्रपाळीची बस चालवताना नाहीतर पोराला झोपवताना, मनाने आईच्या लुगड्याचा एक तुकडा फाडून त्या बांबूवर बांधला, गोष्ट नीट बसावी म्हणून. बांबूही होता की नाही कोण जाणे. त्याने फेरीत बसून हाताला विचारलं होतं ते हाताने केव्हाच सांगून टाकलं होतं. कोणाचंही असतं तरी फिरला असता. फिरलाच होता.

त्याने विचारलं, पण तू गेलास का तेव्हा? तुला काय पडलं होतं? हरेश्वरने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. बा अंथरुणाला खिळलेला, तुला कळवलंच होतं, तो म्हणाला. पेज ओठाबाहेर काढायचा. सुकं नको, ताजं पाहिजे, असं त्याने सांगितलं नाही, तो तसा नव्हता. पण मासळीचा वास आला की मान वळवायचा. मी उजाडता गेलो, दोन सरंगे मिळाले आणि ते जहाज आलं. मी आपला होडीत उभा राहून बघत राहिलो. ओरडायचा काय उपयोग. आणि ते वळलं, एवढं मोठं धूड, आणि माझ्या जाळ्याचं एक बूचही हललं नाही. घरी आलो, आयेने कालवण केलं, बाने चार घास खाल्ले. त्याला कळलं होतं मी कुठून आलो ते. मी त्याला जहाजाचं सांगितलं, कारण मला कोणाला तरी सांगायचंच होतं, आणि तो काय गावात जाऊन बोलणार नव्हता. हरेश्वर इथे थांबला आणि बाहेर वाळूकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बा काय बोलला ठावं? बोलला, त्या चाकावर कोल्याचा पोर असंल."

चंदरला रडू आलं. पडवीत बसून, सगळ्या वयानिशी, तो रडला, आणि हरेश्वरने त्याला रडू दिलं, आपण जाळ्याच्या गाठी मारत राहिला. बा त्यानंतर फार दिवस राहिला नव्हता. चंदर परत आला तेव्हा अस्थीही विसर्जित झाल्या होत्या, आणि त्याला कायम वाटत आलं होतं की बा गेला तो पोराला नौदलातून काढलं हे न कळता गेला, तेवढं बरं झालं. बाला तेवढंच कळलं नव्हतं. बाकीचं सगळं कळलं होतं. ज्या दाखल्यावर बेताची असं लिहिलं तो टाइप व्हायच्या आधीच इथे, याच घरात, दुसरा एक शब्द बोलला गेला होता आणि तो चंदरपर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, कारण मधल्या दोघांनी आपापल्या कारणाने तोंडं मिटली होती. हे आठवून त्याला रडता रडता हसूही आलं.

मग त्याने वकीलबाईचं सांगितलं. खरं सांगायचं तर बघणारा लागेल, आणि बघणारा आला तर गावाला कळेल. विकीला देवळापुढे बसवणारा माणूस स्वतः काय करून बसलाय ते. नको असेल तर मी चक्करच सांगतो, हात जरा सैल सोडायची सवय करीन. हरेश्वरने सोमवारी कुठे यायचं आणि फेरी कितीची धरायची ते विचारलं. चंदर म्हणाला, दादूस, नीट विचार कर. हरेश्वर म्हणाला की विचार करायला एवढी वर्षं मिळाली होती. जमातीला तो उद्या देवळापुढे स्वतः सांगेल, विकीला आधी घरी बोलावून सांगेल, आणि पोरं हसली तर हसू देत. म्हणाला तेव्हा त्याचा खांदा आणखी पडला. जाणतेपण सोडणं त्याला सोपं जाणार नव्हतं आणि ते त्याने लपवलंही नाही. निघताना त्याने ताटात दोन सुके बोंबील ठेवले, वकीलबाईचं ताट रिकामं कसं परत करणार म्हणून.

परतीच्या फेरीत फोन वाजला. संघमित्रा विचारत होती की काका, माझं ताट कुठे आहे. चंदरने सांगितलं आहे, बरोबर आहे, त्यात बोंबील आहेत. मग बघणारा मिळाल्याचं सांगितलं, आणि थोडक्यात सगळंच सांगितलं. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. लिहून घेत असावी. मग म्हणाली, मी खोटी आशा दाखवणार नाही. हुकूम मोडला हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल करताय. ते म्हणतील, कारण काहीही असो, चाक तुमचं नव्हतं. शब्द बदलेल किंवा नाही बदलणार. चंदर म्हणाला, चालेल, पण आता मला बघायचंय ते काय म्हणतात. त्याला खरंच बघायचं होतं. त्या ओळीत उभं राहायची ओढ कमी झाली नव्हती, पण तिच्याशेजारी आता हे दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. तिघे जण उंच खुर्च्यांवर बसलेले असतील, आणि त्यांना बुचांची ती ओळ डोळ्यांपुढे आणता येते की नाही, ते त्याला जवळून बघायचं होतं.

संघमित्रा म्हणाली, मग आत्ताच एकदा करून घेऊ, मी साहेब होते. तिने आवाज जाड केला. समोर बसलेल्या एका बाईने याही वेळी ताटाकडे आणि त्याच्याकडे बघितलं. फोनमधून प्रश्न आला, "हुकूम नसताना चाक का फिरवलंत?"

"पुढे जाळं होतं, साहेब."

"कोणाचं जाळं?"

चंदरने खाडीच्या पाण्याकडे बघितलं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

"तेव्हा माहीत नव्हतं, साहेब," तो म्हणाला.